एका कॅसेटची तीस वर्षं

स्मरणिकेसाठी कोण काय लिहिणार याची यादी ग्रुपवर आली तेव्हा सहल, स्नेहसंमेलन, दहावीचा निरोप समारंभ हे सगळे विषय आधीच गेले होते. समितीनं विचारलं, "तू कशावर?" मी म्हटलं, "एका कॅसेटवर." दोघांनी हसण्याची चित्रं टाकली, एकीनं "कुठल्या?" असं विचारलं. तिला आणि तुम्हा सगळ्यांना, सर-बाईंनाही, हे उत्तर.

गेल्या पावसाळ्यात मुलुंडची आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करताना माळ्यावरच्या एका खोक्यात जुन्या वह्या, बाबांचा टू-इन-वन आणि दहा-बारा कॅसेट सापडल्या. त्यातल्या एकीवर माझ्या अक्षरात माझं नाव होतं आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात आपल्याच वर्गातल्या एका मुलाचं. 'इंडस क्रीड' या मुंबईच्या रॉक बँडचा त्याच नावाचा, १९९५ सालचा अल्बम. निम्मे पैसे माझे आणि निम्मे त्याचे, म्हणून दोन नावं. नियम असा ठरला होता की कॅसेट एक आठवडा माझ्याकडे आणि एक आठवडा त्याच्याकडे राहील. शेवटचा आठवडा माझा होता आणि तो जवळजवळ तीस वर्षं चालला.

या मित्राचं नाव इथं लिहीत नाही, कारण लेख त्याला न विचारता लिहिला आहे. १० वी अ मधल्यांना ते लगेच कळेल. गिटार वाजवणारा आपल्या वर्गात एकच होता.

आधी त्या बँडविषयी थोडं, कारण आपल्यापैकी अनेकांना तो माहीत नसेल, आणि माहीत असलेल्यांनाही त्याची सगळी हकीकत ठाऊक असेलच असं नाही.

हा बँड १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला तेव्हा त्याचं नाव होतं 'रॉक मशीन'. त्या काळात आपल्याकडचे रॉक बँड बहुतेक परदेशी गाणीच वाजवत. कॉलेजांच्या फेस्टिव्हलना जायचं, इंग्लंड-अमेरिकेतल्या बँडची गाणी जमतील तितकी हुबेहूब वाजवायची आणि टाळ्या घ्यायच्या, अशी रीत होती. जो जास्त हुबेहूब वाजवेल तो मोठा. रॉक मशीननंही सुरुवात तशीच केली. पण काही वर्षांत त्यांनी ठरवलं की स्वतःची गाणी लिहायची आणि तीच वाजवायची. आज हे वाचताना साधं वाटतं, पण तेव्हा साधं नव्हतं. समोरचा श्रोता ओळखीचं गाणं ऐकायला आलेला असायचा. त्याच्यापुढे आपलं अनोळखी गाणं ठेवायचं म्हणजे शांतता पत्करायची, प्रसंगी हुर्योसुद्धा. १९८८ मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला आणि त्यानंतर दुसराही आला.

दर वर्षी ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, धोबी तलावाच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. हा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला. व्हीटीला उतरून मेट्रो सिनेमाकडे चालत गेलं की सेंट झेवियर्स कॉलेजला लागून हे खुलं नाट्यगृह होतं. मुंबईत रॉक आवडणाऱ्यांचं ते पंढरपूर, आणि मुंबईच्या बँडनी तिथं वाजवल्याशिवाय त्यांना कुणी मानत नसे. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. कॉलेज आणि हॉस्पिटल शेजारी असल्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले असे कार्यक्रम थांबले. आम्ही दोघं तिथं कधीच आत गेलो नाही. बाहेरच्या फुटपाथवर उभं राहून एकदा ऐकलं आणि नऊची फास्ट लोकल पकडून परत आलो. घरी "क्लासला उशीर झाला" असं सांगितलं. तीस वर्षांनी ही कबुली.

१९९३ मध्ये बँडनं नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. इंडस म्हणजे आपली सिंधू. जे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं ते टाकून, आपण कुठले आहोत हे सांगणारं नाव त्यांनी घेतलं. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या आशियातल्या प्रेक्षकांनी निवडलेला पुरस्कार मिळाला.

आमच्या कानावर हे पडलं ते केबलमुळे. आठवत असेल, १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या बातम्यांनी केबलवाल्यांचा धंदा वाढला आणि त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, त्यातच एमटीव्ही. आपण तेव्हा पाचवीत-सहावीत होतो. इमारतींच्या गच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या. ज्याच्या घरी केबल त्याच्याकडे संध्याकाळी गर्दी. माझ्या घरी केबल नव्हती, मित्राच्या घरी होती. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारवरून गेलं आणि त्या जागी चॅनल व्ही आलं. निर्वाणा, पर्ल जॅम ही नावं आम्ही तिथंच ऐकली. निर्वाणाचा कर्ट कोबेन एप्रिल १९९४ मध्ये गेला, त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्रानं केस कापायला नकार दिला होता. जूनमध्ये शाळा उघडली आणि पी.टी.च्या सरांनी तो प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवला.

दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे १९९५ मध्ये, आम्ही काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये गेलो. मुलुंडला कॅसेटची दुकानं होती, पण तिथं इंग्रजी म्हणजे मायकेल जॅक्सन आणि फार तर मॅडोना. ऱ्हिदम हाऊसमध्ये आधी ऐकून मग घ्यायची सोय होती. आम्ही इतका वेळ ऐकलं की काउंटरवरचे गृहस्थ दोनदा येऊन बघून गेले. हे दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा मी पेपरमधली बातमी कापून ठेवली होती.

घरी आल्यावर बाबांनी कॅसेटचं कव्हर चष्मा लावून वाचलं. गायक उदय बेनेगल. "सिनेमावाल्या बेनेगलांपैकी का?" मला काय माहीत. गिटार महेश तिनईकर. बाबा थांबले. सदाशिव तिनईकर महापालिकेचे आयुक्त होते आणि महापालिकेत नोकरी करणाऱ्या बाबांना त्या नावाबद्दल फार आदर. "तिनईकर? आणि हे असलं वाजवतो?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "लाव बघू." दोन गाणी त्यांनी पूर्ण ऐकली. काही बोलले नाहीत, पण "आवाज कमी कर" असंही म्हणाले नाहीत.

त्या आडनावाचं आम्हाला काय वाटलं हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही. आपण मराठी माध्यमातले. इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी हे राज्यात २००० साली आलं, आपल्या नंतर. पाचवीच्या वर्गात बाई चार रेघी वहीत ए फॉर अ‍ॅपल गिरवून घ्यायच्या, तेव्हा रस्त्यापलीकडच्या शाळेतली मुलं इंग्रजीत भांडत असत. त्यामुळे इंग्रजी गाणं ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात चोरून शिरणं असं मला वाटायचं. शब्द कळत नसत. आम्ही कॅसेट थांबवून, मागे घेऊन, पुन्हा लावून, ऐकू येतील ते शब्द देवनागरीत वहीत लिहायचो आणि मग वीरकर डिक्शनरीत शोधायचो. निम्मे शब्द डिक्शनरीत सापडत नसत, कारण आम्ही ऐकलेलेच चुकीचे असत. आणि त्याच कॅसेटवर बेनेगल, तिनईकर, गांधी, बालापोरिया ही आपल्या हजेरीपटात शोभतील अशी नावं छापलेली. म्हणजे हे घर दुसऱ्याचं नव्हतं. मित्र म्हणाला, "तिनईकर वाजवू शकतो तर आपण का नाही?"

ही कॅसेट आम्ही संगीताच्या बाईंनाही ऐकवली होती. मधल्या सुट्टीत, संगीताच्या खोलीत, पेटी बाजूला सरकवून. रागावतील अशी भीती होती. बाईंनी डोळे मिटले आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "अरे, हा तर केरवाच की. तुम्हाला तालाची ओळख तिसरीत करून दिली, ती अशी वापरता होय?" बाई, तुम्ही हे विसरला असाल. आम्ही नाही विसरलो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती लिहायला मला थोडा संकोच वाटतो.

जानेवारी १९९६ चं आपलं शेवटचं स्नेहसंमेलन. दहावीच्या मुलांना एक गाणं सादर करायची परवानगी मिळाली. मित्राची गिटार, एकाचा तबला, एकीची पेटी, दोघं गाणारे आणि निवेदनाला मी. पहिल्या तालमीला मित्रानं एक वही काढली. त्यानं स्वतः एक गाणं केलं होतं. मराठी शब्द, गिटारवरची चाल. शाळा सुटल्यावर पटांगण रिकामं होतं त्याबद्दलचं. त्यानं ते वाजवून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. मग एकानं विचारलं, "हे कुणाला माहितेय?" त्या वर्षी 'रंगीला' आणि 'दिलवाले दुल्हनिया' आले होते, सगळी मुंबई तीच गाणी गात होती. हात वर करून मत घ्यायचं ठरलं. मी निवेदक, त्यामुळे मत मीच मोजलं. 'दिलवाले'च्या बाजूनं पाच हात, त्यात माझाही.

मित्रानं वही दप्तरात ठेवली आणि 'दिलवाले'चं गाणं उत्तम वाजवलं. शिट्ट्या पडल्या, पुन्हा म्हणा असा गलका झाला, सरांनी हसत परवानगी दिली. त्या रात्री घरी जाताना तो म्हणाला, "चांगलं झालं ना?" मी म्हटलं, "मस्त झालं." त्या गाण्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. त्याच महिन्यात व्हीटीचं सीएसटी झालं. आदल्या वर्षी बॉम्बेचं अधिकृतपणे मुंबई झालं होतं, आपण तर आधीपासून मुंबईच म्हणत होतो. अकरावीत सगळे विखुरले. सगळे विषय एकदम इंग्रजीतून आले आणि पहिले सहा महिने बहुतेकांनी तोंड उघडलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला. आमच्यापैकी कुणालाच तिकीट परवडलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळेच जाऊन आल्यासारखे बोलत होते.

डिसेंबरमध्ये आम्ही दोघं पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोला गेलो. कांजूरमार्गला उतरून, पुढे रिक्षानं. तिथली कॉलेज बँडची स्पर्धा ऐकायची होती. एका बँडच्या गायकानं माइकवर सांगितलं, "पुढचं गाणं आमचं स्वतःचं आहे." मागून आरडाओरडा सुरू झाला. परदेशी बँडची नावं घेऊन ती गाणी वाजवा असा लोक ओरडत होते. बँडनं आपलंच गाणं वाजवलं, घाईघाईनं, अर्ध्या पट्टीत. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही आणि मीही नाही. पण ते पाहणं मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

इंडस क्रीड १९९७ मध्ये थांबलं. आज मागे वळून पाहिलं की कारणं दिसतात. ज्या वर्षी त्यांचा अल्बम आला त्याच वर्षी अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आणि दलेर मेहंदीचा 'बोलो ता रा रा' आला. पुढच्या वर्षी लकी अलीचा 'सुनो' आणि कलोनियल कझिन्स. त्याच १९९६ मध्ये भारतासाठीचं वेगळं एमटीव्ही सुरू झालं, आणि या वाहिन्यांवर हळूहळू हिंदीचं राज्य आलं. ज्या दारातून हा बँड आमच्या घरात आला होता, ते दार आता दुसऱ्या पाहुण्यांसाठी उघडलं. इंग्रजीत स्वतःची गाणी करणाऱ्या मुंबईच्या बँडला कॉलेजांपलीकडे श्रोता फार थोडा होता. मराठीतही तेव्हा सिनेमाबाहेरच्या गाण्याला दिवस आले. १९९८ मध्ये सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा 'गारवा' आला आणि तो आपल्यापैकी कुणाच्या घरी नव्हता?

बँड फुटल्याचं मित्रानं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "होणारच होतं. कोण ऐकतं?" त्यानं त्या वर्षी गिटार विकली. त्याचा आणि माझ्या वाक्याचा संबंध असेलच असं नाही. घरची परिस्थिती होती, बारावी होती, नोकरी लागणं गरजेचं होतं. पण कॅसेट माझ्याकडे राहिली आणि त्यानं ती परत मागितली नाही.

गोष्ट तिथंच संपली असती तर हा लेख फक्त हळहळीचा झाला असता. पण बँडची गोष्ट पुढे आहे. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथं त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावानं वेगळं काम केलं. बेनेगल परत आले. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभं राहिलं. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने तिघं, सोबत वयानं बरेच लहान असे दोन नवे वादक. २०१२ मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला, आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. याच पामर यांनी १९९१ मध्ये पर्ल जॅमच्या 'टेन'चं मिक्सिंग केलं होतं. आम्ही मित्राच्या घरी जमिनीवर बसून, दार लावून, आवाज बारीक करून जे ऐकत होतो, ते आणि मुंबईच्या या बँडचं नवं काम एकाच माणसाच्या हातून गेलं. हे कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की त्याला फोन करावा. नंबर नव्हता. खरं सांगायचं तर तो मिळवता आला असता.

आता त्या माळ्यावरच्या कॅसेटबद्दल. टेपवर पांढरी बुरशी धरली होती. टू-इन-वनचा रबरी पट्टा विरघळून चिकट झाला होता. भांडुपला एक दुरुस्ती करणारे अजून आहेत. त्यांनी पट्टा बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं आणि म्हणाले, "साहेब, मोबाइलवर मिळतं की सगळं." मिळतं. पण मला हीच ऐकायची होती. पेन्सिल घालून टेप सैल-घट्ट केली आणि लावली.

मला वाटलं होतं की आता हे कच्चं, जुनाट वाटेल. काही ठिकाणी तसं वाटलंही. परदेशी बँडची छाप कुठं कुठं उघड दिसते, आणि तेव्हा जे फार बंडखोर वाटलं होतं ते आता सभ्य वाटतं. पण तेव्हा मी फक्त गिटार ऐकत होतो. आता कीबोर्डचं काम ऐकू आलं, शब्द तर पहिल्यांदाच धड कळले. 'ट्रॅप्ड'मधले आमच्या वहीतले किमान दहा शब्द चुकले होते. सगळ्यात जास्त जाणवली ती एक साधी गोष्ट. यातलं एकही गाणं कुणी मागितलेलं नव्हतं. "हे कुणाला माहितेय?" असं त्यांनाही कुणीतरी विचारलं असेलच. तरी त्यांनी ते केलं, छापलं, त्यावर आपली नावं घातली, आणि दोन वर्षांत बँड मोडला तरी कॅसेट राहिली. मुलुंडच्या एका माळ्यावरसुद्धा राहिली.

मित्राचं गाणं कुठंच राहिलं नाही, कारण आम्ही पाच जणांनी हात वर केले.

मित्रमैत्रिणींनो, यात मी कुणाला दोष देत नाही. आपण पंधरा वर्षांचे होतो आणि शिट्ट्या हव्या होत्या. बाकीचे चार हात कुणाचे होते हेही मी सांगणार नाही. पण मत मोजणारा मी होतो, आणि त्याच्या घरी बसून हा अल्बम शंभर वेळा ऐकलेला वर्गात मी एकटाच होतो. हा अल्बम कशासाठी केला गेला हे मला कळायला हवं होतं. मी तो ऐकला आणि तरी हात वर केला.

ग्रुपवर कळलं की तो संमेलनाला येणार आहे. कॅसेट पिशवीत घेऊन येतो आहे. आता त्याचा आठवडा, आणि या खेपेला मी परत मागणार नाही. संगीताच्या बाई येणार आहेत, पेटी शाळेत अजून आहे आणि गिटारची सोय मी माझ्या मुलाकडून केली आहे.

त्या गाण्याचे शब्द मला आठवत नाहीत. चालीची पहिली ओळ मात्र आठवते, कारण तालमीच्या दिवशी घरी जाताना मी ती गुणगुणत होतो आणि तो शेजारून चालत होता. त्याला आठवत नसेल तर मी सुरुवात करून देईन. आठवत असूनही वाजवायचं नसेल, तर तोही त्याचाच निर्णय.

— १० वी अ, मार्च १९९६